सोळाव्या वर्षाची ट्रान्स्क्रिप्ट

अमेरिकेतल्या हायस्कूलमधला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ड्युअल क्रेडिटच्या, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे एकदमच धरल्या जाणाऱ्या, वर्गाला नाव नोंदवतो, त्या दिवशी त्याचे कॉलेज सुरू झालेले असते. अर्जावर सही करताना ही गोष्ट त्याला ठाऊक नसते, त्याच्या आईवडिलांना ठाऊक नसते, आणि पुष्कळदा शाळेतल्या काउन्सेलरच्याही ध्यानात तिचा पुढचा परिणाम आलेला नसतो. सहा-सात वर्षांनी तोच मुलगा मेडिकल किंवा लॉ स्कूलचा अर्ज (इथे ते शिक्षण पदवीनंतर घेतात) भरायला बसतो, तेव्हा अकरावीतल्या त्या एका वर्गाची श्रेणी पदवीच्या सगळ्या श्रेणींच्या शेजारी येऊन बसते आणि त्यांच्या बेरजेत मिसळते. मी टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. दर सत्रात माझ्या वर्गात हायस्कूलची मुले असत आणि त्यांच्या श्रेणी मीच भरल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की ही योजना चांगली आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण हायस्कूल संपण्याआधी मिळालेल्या कॉलेजच्या श्रेणी व्यावसायिक शिक्षणाच्या अर्जात धरायच्या की नाही, हे ठरवण्याचा हक्क अर्जदाराला हवा. धरायच्या तर सगळ्या, वगळायच्या तर सगळ्या. आणि हा हक्क मिळेपर्यंत तरी, सही घेण्याआधी मुलाला खरी स्थिती सांगणे शाळेवर आणि कॉलेजवर बंधनकारक असावे.

योजना नवी नाही. हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे वर्ग घेऊ देणारा राज्यव्यापी कायदा मिनेसोटाने 1985 साली केला. वॉशिंग्टन राज्याचा ‘रनिंग स्टार्ट’ 1990 चा, ओहायोचा ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ 2015 चा. टेक्सासने 2023 साली कम्युनिटी कॉलेजांच्या अनुदानाचा कायदा बदलला, तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना हे वर्ग विनाशुल्क मिळण्याची सोय केली. 2022-23 या एका शैक्षणिक वर्षात देशभरात सुमारे 25 लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी असा किमान एक वर्ग घेतला आणि आज कम्युनिटी कॉलेजांतल्या दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एक हायस्कूलचा असतो. या आकड्यांमागे मी पाहिलेली घरे आहेत. ज्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, तिथली मुलगी सतराव्या वर्षी प्रयोगशाळेत ब्युरेट हाताळते आणि कॉलेज आपल्यालाही झेपते हा विश्वास घेऊन घरी जाते. त्या विश्वासाचे मोल फीमध्ये वाचलेल्या पैशांहून मोठे आहे. म्हणून ‘ड्युअल क्रेडिटच्या वाटेला जाऊच नका’ हा काही वेबसाइटांवर सर्रास दिला जाणारा सल्ला मला मान्य नाही.

गैरसमज नेमका कुठे होतो ते समजून घेतले पाहिजे. हायस्कूल संपवून मुलगा विद्यापीठात जातो, तेव्हा त्याने आधी मिळवलेली क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाची एकके, तिथे वर्ग होतात, श्रेणी मात्र होत नाहीत. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) त्या विषयापुढे फक्त ‘ट्रान्स्फर’ची खूण दिसते आणि विद्यापीठाचा जीपीए (‘ए’ला 4.0 धरून काढलेली श्रेणींची सरासरी) पहिल्या सत्रापासून कोरा सुरू होतो. प्रवेशाच्या वेळी सल्लागार सांगतात, ‘तुझा जीपीए इथे नव्याने सुरू होईल’, आणि ते विद्यापीठापुरते शंभर टक्के खरे असते. मुलगा ते वाक्य आयुष्यभराचे समजून बसतो. पण मेडिकल आणि लॉ स्कूले विद्यापीठाने काढलेल्या जीपीएवर विसंबून राहत नाहीत. त्यांचे अर्ज मध्यवर्ती सेवांमार्फत जातात आणि त्या सेवा प्रत्येक कॉलेजची मूळ ट्रान्स्क्रिप्ट मागवून स्वतःच्या नियमांनी जीपीए पुन्हा काढतात. एम. डी. च्या (इथली ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी) बहुतेक स्कूलांसाठी ॲम्कास, टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल आणि डेंटल स्कूलांसाठी टीएमडीएसएएस, लॉ स्कूलांसाठी एलएसएसी. तिन्हींचा नियम या बाबतीत एकच आहे. हायस्कूलमध्ये असताना घेतलेला कॉलेजचा प्रत्येक वर्ग अर्जात दाखवायचा, मग तो पदवीसाठी उपयोगी पडला असो वा नसो. दाखवला नाही आणि मागाहून उघड झाले, तर लपवाछपवीचा ठपका येतो, आणि तो खराब श्रेणीपेक्षा कितीतरी जड असतो.

एक प्रकार याहूनही अवघड आहे. काही ठिकाणी वर्ग कॉलेजात भरतच नाही. शाळेच्याच इमारतीत, शाळेचाच शिक्षक, नेहमीच्याच बाकांवर तो शिकवतो. फक्त शाळेचा जवळपासच्या एखाद्या कॉलेजशी करार असतो आणि श्रेणी त्या कॉलेजच्या दप्तरी जाते. मुलाच्या लेखी ते अकरावीचे इंग्रजी किंवा इतिहास असते. अर्जाच्या वेळी त्याला अशा एका कॉलेजातून ट्रान्स्क्रिप्ट मागवावी लागते, ज्याच्या आवारात त्याने कधी पाऊलही टाकलेले नसते. अकरावीतल्या इतिहासाची श्रेणी डॉक्टरकीच्या अर्जात आपल्यासमोर येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता आकडे मांडून पाहू, कारण ‘थोडा फरक पडतो’ असे म्हणून हा विषय टाळला जातो. समजा, एका विद्यार्थ्याने विद्यापीठात 120 क्रेडिट घेतली आणि 3.8 जीपीए मिळवला. हायस्कूलमध्ये त्याने ड्युअल क्रेडिटची 12 क्रेडिट घेतली होती आणि तिथे सगळीकडे ‘सी’ म्हणजे 2.0 मिळाले होते. दोन्ही एकत्र केल्यावर 132 क्रेडिटांवर त्याचा जीपीए 3.64 होतो. मेडिकल स्कूलात प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडच्या वर्षांत 3.75 च्या वर आहे. सुमारे 52 हजार अर्जदार आणि सुमारे 23 हजार जागा असा तिथला हिशेब आहे. अशा ठिकाणी 3.8 आणि 3.64 हे दोन अर्ज वेगवेगळ्या ढिगांत जातात.

विज्ञानाचा वेगळा जीपीए तर आणखी नाजूक असतो. ॲम्कास जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयांची बेरीज स्वतंत्र करते, आणि ड्युअल क्रेडिट घेणारी हुशार मुले नेमके हेच विषय घेतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे उदाहरण मी विसरू शकत नाही. अकरावीत असताना तिने माझ्याकडे केम 1411 घेतले होते. टेक्सासच्या सामाईक क्रमांकपद्धतीत हा पहिल्या सत्राचा सामान्य रसायनशास्त्राचा वर्ग, प्रयोगशाळेसह चार क्रेडिटांचा. वडील छपरे घालण्याचे काम करीत आणि घरातून कॉलेजात येणारी ती पहिलीच. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवी. पानगळीच्या दिवसांत दर शुक्रवारी फुटबॉलचा सामना असे, त्यामुळे गुरुवारी दुपारची माझी प्रयोगशाळा संपली की ती धावत बँडच्या सरावाला जाई. दोन प्रयोगांचे अहवाल आले नाहीत, तिसरी परीक्षा हुकली, आणि मी ‘सी’ भरला. त्याच वर्षी कॅल्क्युलसमध्येही तिला ‘सी’ मिळाला. चार-पाच वर्षांनी ती भेटायला आली, ती विद्यापीठातून विज्ञानाच्या 48 क्रेडिटांत 3.75 जीपीए मिळवून. ॲम्कासच्या हिशेबात माझी चार आणि कॅल्क्युलसची चार अशी आठ क्रेडिट त्यात मिळाली आणि तिचा विज्ञानाचा जीपीए 3.5 झाला. तो छापील कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला. ती काही बोलली नाही. दोन्ही ‘सी’ तिने पेन्सिलीने गोल करून आणले होते.

मी तिला फसवले नव्हते. कोणीच फसवले नव्हते. तिला विद्यापीठात सांगितले होते की श्रेणी वर्ग होत नाहीत, आणि त्या झाल्याही नव्हत्या. मला मात्र एक गोष्ट आठवत होती. टेक्सासमध्ये पानगळीच्या किंवा वसंताच्या सत्रात वर्ग भरण्याचा बारावा दिवस हा विद्यार्थ्यांच्या मोजणीचा दिवस असतो. त्या दिवसापर्यंत वर्ग सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर त्याची नोंदच राहत नाही. त्यानंतर ठरलेल्या तारखेपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची खूण) राहतो, जो जीपीएत मोजला जात नाही. त्या तारखेनंतर मात्र मिळेल ती श्रेणी पदरात पडते. मोजणीच्या दिवशी वर्गाच्या यादीवर मीच सही करून ती पक्की करीत असे. त्या यादीत हायस्कूलची मुले कोणती ते मला माहीत असायचे, आणि त्यांच्यापैकी एकालाही मी बाजूला बोलावून ‘ही तारीख तुझ्यासाठी काय आहे’ हे कधी सांगितले नाही. पहिल्या चाचणीनंतर त्या मुलीला ‘डब्ल्यू’ची तारीख कळली असती, तर तिने काय ठरवले असते ते तिचे तिने ठरवले असते. तिला ठरवण्याची संधीच मिळाली नाही, हे मला खटकते.

लॉ स्कूलच्या वाटेवर हा प्रश्न वेगळ्या कारणाने कठीण होतो. तिथे ठरावीक पूर्वविषय, म्हणजे प्रवेशाआधी घेतलेच पाहिजेत असे विषय, नसतात. पदवी कोणत्याही विषयातली चालते. त्यामुळे जीपीए आणि प्रवेशपरीक्षा या दोनच आकड्यांवर मोठा भार येतो. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला प्रवेश घेतलेल्यांच्या जीपीएचे 25, 50 आणि 75 वे शतमान दरवर्षी जाहीर करावे लागते, आणि मधला आकडा खाली येऊ न देणे ही प्रवेशसमितीची रोजची चिंता असते. एलएसएसी ‘ए प्लस’ला 4.33 धरते, म्हणजे तिथे दशांशांची स्पर्धा 4.0 च्या वर जाते. त्यातही महत्त्वाचे असे की पहिली पदवी हाती पडेपर्यंत घेतलेले वर्गच तिथे मोजले जातात. त्यानंतर तुम्ही कितीही चांगले वर्ग घेतले तरी तो जीपीए हलत नाही. मेडिकलच्या अर्जात पदवीनंतर आणखी विज्ञान शिकून जीपीए थोडा वर आणता येतो, आणि माझ्या त्या विद्यार्थिनीने पुढे एक वर्ष थांबून तेच केले. लॉ स्कूलच्या अर्जदाराला ती वाटही नाही. दहावीतल्या ‘बी’ची छाया त्याच्या अर्जावर कायमची पडलेली असते.

याची तुलना एपीशी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या वर्गांशी, करून पाहावी. कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षेत 1 ते 5 असे गुण मिळतात. परीक्षा वाईट गेली तर तो गुण कॉलेजला न पाठवण्याची मुभा आहे, आणि पाठवला तरी व्यावसायिक शिक्षणाच्या जीपीएत तो मोजला जात नाही, कारण ती श्रेणी नव्हे. म्हणजे दोन मैत्रिणींपैकी एकीने एपी रसायनशास्त्र घेतले आणि दुसरीने ड्युअल क्रेडिटचे रसायनशास्त्र घेतले, दोघींनाही ते सारखेच अवघड गेले, तर पहिलीच्या मेडिकलच्या अर्जात त्याचा मागमूस राहत नाही आणि दुसरीच्या अर्जात तो आकड्यात उतरतो. आता कोणती मुलगी कोणत्या वाटेने जाते ते पाहा. एपीचे भरपूर वर्ग चालवायला पैसेवाल्या उपनगरांतल्या शाळा लागतात. लहान गावांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांना ते झेपत नाही. त्यांच्यासाठी जवळचे कम्युनिटी कॉलेज हाच उपाय असतो. जिच्या पाठीशी कमी आधार आहे तिच्याच पदरी कायमची नोंद येते आणि जिला सगळी मदत मिळते तिची चूक पुसली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. जाणूनबुजून कोणी तसे केलेले नाही. दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे नियम एकमेकांना न विचारता ठरले आणि त्यांच्या फटीत ही मुले सापडली.

आपल्या मराठी घरांत या विषयाला आणखी एक पदर आहे. डॅलसच्या उत्तरेकडची उपनगरे असोत की ह्यूस्टन, न्यू जर्सी किंवा बे एरिया, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभे राहिले की ‘आमच्याने अकरावीतच पंधरा क्रेडिट केली’ हे वाक्य कानावर पडतेच. त्यात आनंद आहे आणि तो खराही आहे. पण हे पालक महाराष्ट्रात शिकले आहेत, आणि तिथे दहावी झाली की मूल ‘कॉलेजला जाते’. ज्युनिअर कॉलेजचे ते दिवस, अकरावीचे ते निवांत वर्ष, त्याचे गुण पुढे कुणी विचारत नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. बारावीत गुण कमी पडले तर श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा बसता येते. आज वैद्यकीय प्रवेश नीटच्या गुणांवर होतात आणि ती परीक्षाही पुन्हा देता येते; पुन्हा दिल्यावर जुना गुण कोणी उकरून काढत नाही. त्या व्यवस्थेचे स्वतःचे दोष मोठे आहेत, पण तिच्यात प्रत्येक टप्प्यावर पाटी पुसली जाते. अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रवेशात ती पुसली जात नाही. ॲम्कास आणि टीएमडीएसएएस पुन्हा घेतलेल्या वर्गाचीही जुनी श्रेणी मोजतात. ऑस्टिओपॅथिक (डी. ओ. ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या) मेडिकल स्कूलांच्या अर्जसेवेत पूर्वी नवी श्रेणी जुनीची जागा घेत असे; 2017 पासून तीही सवलत गेली. तेव्हा ‘कॉलेज’ या शब्दाचा आपण धरलेला अर्थ आणि इथला अर्थ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते घरात कोणीतरी समजावून सांगायला हवे.

टेक्सासमध्ये घाईचे आणखी एक कारण आहे. 1997 च्या कायद्यामुळे वर्गात वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो; ऑस्टिनच्या विद्यापीठात ही मर्यादा त्याहूनही कडक आहे. पुष्कळ शाळा ड्युअल क्रेडिटच्या वर्गाला जादा भारांक देतात, म्हणजे तिथला ‘बी’ साध्या वर्गातल्या ‘ए’च्या जवळ जातो. शाळेतला क्रम टिकवायचा म्हणून मुले एकापुढे एक वर्ग घेत जातात. तोच ‘बी’ शाळेच्या कागदावर भारांकासह दिसतो आणि कॉलेजच्या कागदावर उघडावाघडा 3.0 म्हणून. पुढे जो कागद मोजला जाणार आहे तो दुसरा.

श्रेणी उत्तम असल्या म्हणजे सारे निभावले, असेही नाही. ज्या मुलाने हायस्कूल संपताना 60 क्रेडिट आणि असोसिएट (दोन वर्षांची) पदवी मिळवली, तो विद्यापीठात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून दाखल होतो आणि दोन वर्षांत पदवीधर होऊ शकतो. घरच्यांना दोन वर्षांची फी वाचल्याचा आनंद असतो. पण मेडिकलचा अर्ज प्रवेशाच्या एक वर्ष आधी, मे-जूनमध्ये भरावा लागतो. म्हणजे पदवीनंतर लगेच जायचे तर या मुलाने विद्यापीठातले पहिलेच वर्ष संपताना अर्ज भरायचा. तोवर एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची, रुग्णालयात सेवेचे तास भरायचे, प्रयोगशाळेत संशोधन करायचे, आणि ज्यांच्या वर्गात जेमतेम एक सत्र बसला त्या प्राध्यापकांकडून शिफारसपत्रे मागायची. शिवाय पूर्वविषयांपैकी निम्मे त्याने कम्युनिटी कॉलेजात, तेही हायस्कूलमध्ये असताना केलेले असतात. काही मेडिकल स्कूले ते बिनतक्रार स्वीकारतात, काही त्याच विषयातला वरच्या पातळीचा वर्ग विद्यापीठात घेतलेला पाहू इच्छितात. दोन वर्षे वाचवून आलेला मुलगा मग अर्जासाठी दोन वर्षे थांबतो. थांबण्यात कमीपणा काहीच नाही; बावीस वर्षांचा डॉक्टरकीचा विद्यार्थी वीस वर्षांच्यापेक्षा रुग्णाशी शहाणपणाने बोलतो, असे मला मनापासून वाटते. पण वाचवलेला काळ हातात राहत नाही, एवढे तरी पालकांनी हिशेबात धरावे.

माझ्या प्रस्तावावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला होता. ते म्हणत, कॉलेजची श्रेणी ती कॉलेजची श्रेणी. सोळा वर्षांच्या मुलाला आपण प्रौढांच्या वर्गात बसू दिले, तेच पुस्तक, तीच परीक्षा दिली, तर त्याचा निकालही तेवढाच खरा. तो मोजू नका म्हणणे म्हणजे वर्ग खोटा होता असे म्हणणे. आणि ज्यांनी त्या वयात ‘ए’ मिळवले, त्यांचे श्रेय का काढून घ्यावे? यातला दुसरा भाग मला पटतो, म्हणूनच मी निवडीचा हक्क मागतो, सरसकट वगळण्याचा नियम मागत नाही. पहिल्या भागाबद्दल मात्र मी असे म्हणेन की श्रेणी खरी आहे, पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते पाहावे. मेडिकल स्कूलला जाणून घ्यायचे असते ते हे, की चोविसाव्या वर्षी हा माणूस शरीररचनेचा अफाट अभ्यास पेलू शकेल का. त्याचे उत्तर त्याने एकविसाव्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्रात आणि जीवरसायनशास्त्रात काय केले यात सापडते. बँडच्या सरावाला धावणाऱ्या अकरावीतल्या मुलीच्या ‘सी’मध्ये सापडत नाही. जीपीएत ही दोन्ही उत्तरे एकाच तराजूत टाकली जातात.

शिवाय अशी निवड देणे अशक्य नाही, कारण तिचे दोन्ही भाग आजच अस्तित्वात आहेत. ॲम्कासच्या तक्त्यात हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या वर्गांची ओळ आजही वेगळी छापली जाते. ती एकूण बेरजेत धरू नये एवढाच बदल हवा. आणि जुन्या श्रेणी वगळण्याचे तत्त्व टेक्सासच्या कायद्यात आहेच. ‘ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली दहा किंवा अधिक वर्षे जुने कॉलेजचे सगळे काम विचारात घेऊ नये, असे अर्जदार सांगू शकतो. त्यात निवडक श्रेणी वगळता येत नाहीत. चांगल्या-वाईट सगळ्या जातात, मिळालेली क्रेडिटही जातात. ही अट रास्त आहे आणि माझ्या प्रस्तावातही तीच आहे. फरक एवढाच की फ्रेश स्टार्टमध्ये काळ मोजला जातो आणि मी वय मोजा म्हणतो. तिशीतल्या माणसाला विशीतली चूक मागे टाकू देणारे राज्य बावीस वर्षांच्या मुलीला सोळाव्या वर्षाचा ‘सी’ मागे टाकू देत नाही, याला मला तरी सबळ कारण दिसत नाही.

नियम बदलायला वर्षे लागतील. नोंदणीच्या अर्जाला एक पान जोडायला मात्र एक दुपार पुरे. त्या पानावर चार-पाच वाक्ये हवीत आणि ती घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतही हवीत. या वर्गाची श्रेणी कॉलेजच्या कायम दप्तरात जाईल. पुढे मेडिकल, डेंटल किंवा लॉ स्कूलला अर्ज केल्यास ती दाखवावी लागेल आणि मोजली जाईल, विद्यापीठाने ती मोजली नाही तरी. नोंद न ठेवता वर्ग सोडण्याची शेवटची तारीख अमुक, ‘डब्ल्यू’ घेण्याची शेवटची तारीख तमुक. त्या तारखांच्या आत शिक्षकाने तुला तुझी स्थिती लेखी सांगितली पाहिजे. हे शेवटचे वाक्य शिक्षकांवर भार टाकणारे आहे, याची मला जाणीव आहे. पण बारा आठवड्यांत एका मुलाला एक कागद देणे हा मोठा भार नव्हे, आणि तो न दिल्याचा परिणाम मी माझ्या टेबलावर पाहिला आहे.

पालकांना एक गोष्ट सांगायची राहिली. 1974 च्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की त्या कॉलेजच्या नोंदींवरचे हक्क त्याचे स्वतःचे होतात, मग त्याचे वय पंधरा का असेना. शाळेच्या पोर्टलवर रोजच्या रोज गुण पाहणारी आई कॉलेजच्या पोर्टलवर सहसा काहीच पाहू शकत नाही आणि माझ्यासारख्या प्राध्यापकाला फोन केला तर त्याला मुलाच्या परवानगीशिवाय सहसा बोलता येत नाही. मला असे फोन येत आणि मी नाइलाजाने नकार देई. म्हणजे ज्या मुलाच्या घरी अजून दूध कुणी आणायचे हे आई ठरवते, त्याच्या आयुष्यातला हा एक कागद जवळजवळ पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या हाती असतो.

आता मी निवृत्त आहे. दर ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात: घेऊ का, किती घेऊ, कोणते घेऊ. मी विचारतो, वर्ग कॉलेजात आहे की शाळेत, शिकवणार कोण, प्रयोगशाळा किती वाजता संपते, त्या सत्रात शाळेत आणखी काय काय आहे. इंग्रजी किंवा सरकारव्यवस्थेचा एखादा वर्ग आधी घेऊन पाहायला सांगतो; डॉक्टर व्हायचे मनात असेल तर रसायनशास्त्र आणि कॅल्क्युलस विद्यापीठासाठी ठेवावे, किंवा एपी असेल तर ते घ्यावे, असे सुचवतो. मोजणीचा दिवस आणि ‘डब्ल्यू’ची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहायला सांगतो. आईवडील बारकाईने ऐकतात, लिहून घेतात, आभार मानतात. मग मी त्यांना म्हणतो, आता फोन जरा मुलीकडे द्या; सही तिची आहे, तिलाही हे सगळे पहिल्यापासून सांगतो.